शब्दवेधी चेंडू

आंधळी कोशिंबीर ठाऊक नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण. दिवाळीच्या सुटींत चुलत-आते-मावस भावंडें जमलीं, कोणाच्या तरी डोळ्यांवर उपरणें बांधलें गेलें, कीं दोन घटका सारें माजघर गलक्यानें भरून जातें. ज्याला दिसतें त्याला क्षणभर न दिसणारा करावयाचा आणि तो खांबाला कशी मिठी मारतो, कोनाड्यांत कसा हात घालतो, हें पाहून हंसावयाचें, एवढीच या खेळाची गंमत. पट्टी सुटली कीं आंधळेपण संपलें. ज्याची पट्टी सुटावयाचीच नाहीं अशा मुलाला मात्र आपण या खेळांत क्वचितच घेतों. आणि घेतलें तरी लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबू म्हणजे काय हें वाचकांस सांगावयास नको. तो धांवतो, ओरडतो, पकडला जातो. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं, कारण त्याला कोणी मोजतच नाहीं.

अंध माणसें हॉकी खेळतात असें प्रथम वाचनांत आलें तेव्हां मला तें खरें वाटेना. हॉकी म्हणजे वेग, काठ्यांची खणाखणी आणि पापणी लवण्याच्या आंत दिशा बदलणारा चेंडू. अधिक वाचतां कळलें कीं अंधांची म्हणून जी हॉकी जगांत नांवारूपास आली ती आपल्या मैदानावरची नसून कॅनडांतली बर्फावरची आहे. त्या देशांत हिंवाळ्यांत तळीं गोठतात; तेथील मुलें पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, हातीं वांकडी काठी घेऊन एक रबरी चकती ढकलीत बर्फावर घसरत जातात. आपल्याकडे जसा विटीदांडू तशी तिकडे ही हॉकी. टोरंटो शहरांत १९७२ सालीं अंध व अल्पदृष्टि खेळाडूंचा एक संघ उभा राहिला. त्यांनीं स्वतःला नांव घेतलें "आइस आउल्स", म्हणजे बर्फावरचीं घुबडें. आपल्याकडे घुबडाचें नांव काढलें कीं आजीबाई कपाळाला आंठ्या घालतात. परंतु कांहीं जातींचीं घुबडें गडद अंधारांत केवळ कानांच्या बळावर उंदीर अचूक टिपतात, हें शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें आहे. नांव ठेवणाराला हें ठाऊक असावें.

आतां हा खेळ चालतो कसा तें पाहूं. नेहमींची चकती घट्ट रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची असते. अंधांच्या खेळांतली चकती पोकळ पोलादी पत्र्याची, साडेपांच इंच व्यासाची व सुमारें दोन इंच जाड असते, आणि तिच्या पोटांत छर्रे असतात. चकती घसरली कीं खुळखुळाट होतो आणि त्या खुळखुळाटाच्या मागें सारे खेळाडू धांवतात. कोणाला अगदींच दिसत नाहीं, कोणाला सावल्या दिसतात, कोणाला समोरचा आकार पुसट दिसतो. ज्यांना थोडें अधिक दिसतें ते आघाडीवर खेळतात, ज्यांना त्याहून कमी ते बचावाला, आणि गोल राखावयास उभा राहतो तो पूर्ण अंध. हें वाचून मला आपल्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली. तेथेंही प्रत्येकाच्या वांट्याला त्याच्या शक्तीप्रमाणें काम येतें आणि सर्वांत नाजूक काम कधीं कधीं सर्वांत अशक्त हातीं असतें. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसणें पणजीकडेच नसतें काय?

गोलाची चौकट एरवीं चार फूट उंच असते, येथें तीनच फूट. कारण चकती हवेंत उडाली कीं बर्फाशीं घासण्याचा आवाज बंद पडतो आणि गोलरक्षकाचा एकमेव आधार जातो. म्हणून खेळ जमिनीशीं बांधून ठेवला आहे. दुसरा नियम मला फार आवडला. प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरल्यावर चकती गोलावर मारण्यापूर्वीं निदान एकदां तरी आपल्या गड्याकडे द्यावी लागते. ती दिली कीं पंच निराळ्या आवाजाची शिटी वाजवितो, आणि गोलरक्षक ओळखतो कीं आतां केव्हांही तडाखा येईल. २०१८ सालीं पिट्सबर्ग येथें कॅनडा आणि अमेरिका यांचे राष्ट्रीय संघ या खेळांत प्रथमच एकमेकांपुढें उभे राहिले.

या सर्व योजनेंत एक अडचण मात्र राहतेच, आणि ती अंधांच्या बहुतेक चेंडूखेळांस समान आहे. चेंडू हलतो तोंवरच बोलतो. थांबला कीं मुका झाला. डोळस मुलाला थांबलेला चेंडू सर्वांत सोपा. अंध मुलाला तोच सर्वांत अवघड, दोन हातांवर पडलेला असून सांपडत नाहीं.

शब्दवेध ही विद्या आपल्या पुराणांना अपरिचित नाहीं. दशरथ राजानें शरयूच्या कांठीं रात्रीं आवाजाच्या रोखानें बाण सोडला. घडा भरल्याचा बुडबुड आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला, आणि अंध मातापित्यांचा एकुलता आधार त्या बाणानें गेला. रामायणांतल्या या प्रसंगीं ज्याचा कान फसला तो राजा डोळस होता, ही गोष्ट शिकवितांना मी नेहमीं वर्गाच्या नजरेस आणून देत असें. आवाज ऐकणें सोपें आहे, तो कशाचा आहे हें ओळखणें ही साधना आहे. अंधांच्या फुटबॉलांत म्हणूनच एक नियम आहे. चेंडूवर जाणाऱ्या बचावपटूनें मोठ्यानें "वॉय" असें ओरडलेंच पाहिजे. हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ "मी येतों". मुकाट्यानें अंगावर जाणें हा तेथें गुन्हा. महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं डोळे गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनी-ऑस्ट्रियाकडे गोलबॉल नांवाचा खेळ निघाला. त्यांतला घंटेचा चेंडू सव्वा किलो वजनाचा असतो, सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर सारखीच पट्टी असते आणि खेळ चालू असतां प्रेक्षकांना अवाक्षर काढतां येत नाहीं. आपल्या सभांना जमणाऱ्या श्रोत्यांस एकदां तरी असल्या सामन्याला नेऊन बसवावें असें माझ्या मनांत येतें.

आपल्या देशांत अंधांनीं जवळ केला तो खेळ मात्र चेंडूफळीचा. मेलबर्न येथें १९२२ सालीं दोन अंध कामगारांनीं पत्र्याच्या डब्यांत खडे घालून क्रिकेट खेळावयास सुरुवात केली, असा या खेळाचा उगम सांगतात. पहिला विश्वचषक १९९८ सालीं दिल्लीस झाला. भारताच्या पुरुष संघानें पुढें २०१४ व २०१८ सालीं एकदिवसीय, आणि २०१२, २०१७ व २०२२ सालीं वीस षट्कांचा विश्वचषक जिंकला. चेंडू कठीण प्लॅस्टिकचा व आंत छर्रे भरलेला. गोलंदाज हात खालून फिरवून तो टाकतो, टाकण्यापूर्वीं "रेडी?" असें विचारतो, फलंदाजाचें "येस" येईपर्यंत थांबतो आणि चेंडू सोडतांना "प्ले" म्हणतो. अकरांत निदान चौघे पूर्ण अंध असावेच लागतात. त्यांनीं काढलेली प्रत्येक धांव दुप्पट धरली जाते, आणि एक टप्पा पडलेला चेंडू त्यांनीं धरला तरी समोरचा गडी झेलबाद होतो.

ही दुप्पट धांव ऐकून माझ्या एका स्नेह्यांनीं लगेच शंका काढली, "मग हें लिंबूटिंबूपणच कीं हो!" मला तसें वाटत नाहीं. चेंडू सीमेपार गेला कीं न धांवतां चार धांवा मिळतात, ही तरी कोठें निसर्गाची आज्ञा आहे? खेळाचे सारे नियम माणसांनीं एकत्र बसून ठरविलेले असतात. लिंबूटिंबू बाद झाला तरी खेळतच राहतो, हीच त्याची खूण. या खेळांतल्या पूर्ण अंध फलंदाजाचा त्रिफळा उडाला तर तो बॅट उचलून परत जातो, त्याचा संघ हरतो, आणि रात्रीं त्याला झोंप लागत नाहीं. ज्याला बाद होतां येतें तोच गडी.

महिलांचा पहिला विश्वचषक नोव्हेंबर २०२५ मध्यें झाला. कोलंबो येथील अंतिम सामन्यांत भारतीय मुलींनीं नेपाळवर सात गडी राखून विजय मिळविला. त्या संघाची कर्णधार कर्नाटकाची दीपिका टी. सी. आणि उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. त्यापूर्वीं डिसेंबर २०१७ मध्यें नागपूरच्या कांचनमाला पांडे हिनें मेक्सिकोंतील जागतिक स्पर्धेंत दोनशें मीटर मिश्र पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें होतें. अंध पोहणाराला भिंत जवळ आल्याचें कळावें म्हणून कांठावरचा साथीदार लांब काठीच्या मऊ टोकानें त्याला हळूच स्पर्श करतो. त्या एका स्पर्शावर विश्वास टाकून पूर्ण वेगानें भिंतीकडे जावयाचें असतें.

अंधांविषयीं आपल्या समाजांत आदर नव्हता असें कोणीं म्हणूं नये. गुलाबराव महाराजांची दृष्टि अगदीं तान्हेपणीं गेली. १९१५ सालीं ऐन चौतिसाव्या वर्षीं ते गेले तेव्हां त्यांचें ग्रंथभांडार केवढें होतें! आपण त्यांना प्रज्ञाचक्षु म्हटलें. मुंबईस १९०० सालीं अमेरिकन मिशनच्या ऍना मिलार्ड बाईंनीं अंधशाळा काढली, १९०२ सालीं व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, १९३४ सालीं पुण्यास अंधशाळा आली. पाठांतर, गायन, वेताचें विणकाम, पुढें ब्रेल, हें सारें अंध मुलाच्या वांट्याला आलें. पण तीं सारीं बसून करावयाचीं कामें आहेत. धांवणें हा त्याचा हक्क आहे, हें मनांत यावयास फार उशीर लागला.

आमचें मांडवगण फराटा भीमेच्या कांठीं आहे. उंसाचा मुलूख, बांध, पाट, उघड्या विहिरी पावलोपावलीं. येथें एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आहे. त्याला जन्मापासून उजेड-अंधारापलीकडे फारसें दिसत नाहीं. घुंगरांच्या आवाजावरून कोणाची बैलजोडी चालली आहे हें तो ओसरीवर बसून सांगतो. त्याच्या वयाच्या मुलांनीं दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यांत खडे घालून, झांकण सुतळीनें आवळून, बाभळीच्या वांकड्या काठ्यांनीं तो डबा ढकलण्याचा खेळ सुरू केला आणि याला बोलावलें. त्यांनीं बर्फावरच्या हॉकीचें नांवही ऐकलेलें नव्हतें. मुलाची आजी माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, पोर पडलं-झडलं तर पाहायचं कुणी? डोळे गेले ते गेलेच, हातपाय तरी धड राहूं द्या."

शहरांतल्या सुशिक्षितांस या बोलण्यांत अडाणीपणा दिसेल. मला दिसला नाहीं. त्या बाईनें अकरा वर्षें त्या मुलाला पाटापासून, विहिरीपासून, बैलांच्या पायांपासून सांभाळलें आहे. तिचें भय पुस्तकांतलें नव्हे. परंतु तिला मीं एवढेंच विचारलें, कीं बाई, तुम्ही आहांत तोंवर ठीक. पुढें हा पडला तर उठावें कसें हें याला कोण शिकविणार? ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र मुलाच्या दोन्ही गुडघ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे बांधून तिनें त्याला स्वतः मैदानावर आणून सोडलें.

आपल्या मैदानी हॉकीशीं पुणें जिल्ह्याचें नातें जुनें आहे. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले खडकीचे. ध्यानचंद हे सैन्यांत असतां चांदण्यांत सराव करीत, म्हणून त्यांच्या नांवाला "चंद" जोडलें गेलें, अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर या खेळांतल्या सर्वांत मोठ्या नांवांत अंधुक उजेडाचाच वांटा आहे म्हणावयाचा. पण कठीण चेंडू आणि उंच उचललेली काठी अंध मुलाच्या हातीं वा समोर देतां येणार नाहीं, हें उघड आहे. म्हणून आमच्या मुलांना मीं चारच गोष्टी सांगितल्या. काठी गुडघ्याच्या वर न्यावयाची नाहीं. डब्यावर जातांना "आलों" म्हणून ओरडावयाचें. डबा थांबला तर जो डोळस गडी जवळ असेल त्यानें काठीनें तो एकदां वाजवावा, मारूं नये. आणि कडेला बसणाऱ्यांनीं गप्प बसावें. पहिल्या तीन मुलांनीं दोन दिवसांत आत्मसात् केल्या. चौथीला पंधरा दिवस लागले, कारण कडेला बसणारे बहुतेक मोठे होते.

त्या मुलानें पहिला गोल केला तो चुकून स्वतःच्याच बाजूवर. मुलें त्याच्यावर मनसोक्त चिडलीं. एकानें तर दोन दिवस अबोला धरला. आजीला वाईट वाटलें. मला फार बरें वाटलें.

सध्यां खेळ बंद आहे. गळिताचा हंगाम लागला कीं दिवसभर उंसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा चालते, त्यांच्यावरचे कर्णे चालतात, आणि त्या गोंगाटांत डब्यांतल्या खड्यांचा आवाज दहा हातांवरूनही कानीं येत नाहीं. मुलें शिमग्यापर्यंत थांबावयास तयार नाहींत. पहाटे, रस्ता जागा होण्यापूर्वीं, देवळामागच्या पटांगणांत खेळावें असा त्यांचा बेत चालला आहे. त्या वेळीं अंधार असतो, अशी अडचण एकानें काढली. तेव्हां हा मुलगा म्हणाला, "मग तुम्हीच माझ्या मागोमाग या."