‘घरी न्या’ म्हणण्याआधी

विदर्भात खर्रा आणि तंबाखू इतके रुळले आहेत की वर्धा जिल्ह्यातील रुग्णालयांत तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण सतत दाखल होत असतात, आणि त्यांतील अनेक जण गाठ गालाच्या आरपार गेल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय संस्थेचे सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय असो वा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशा खाटेपाशी नातेवाइकांना सर्वाधिक भीती एकाच वाक्याची वाटते: आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य चुकीचे आहे, कारण रोग हटवता येत नसला तरी त्याचा त्रास हटवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याला उपशामक सेवा म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी असते, हा समज डॉक्टरांतही आढळतो. वास्तविक ती निदानापासून, केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असतानाच द्यावयाची असते. बॉस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना सुरुवातीपासून उपशामक सेवेची जोड मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य ११.६ महिने, तर इतरांचे ८.९ महिने भरले, आणि पहिल्या गटातील रुग्णांची मनःस्थितीही अधिक चांगली राहिली.

वॉर्डात या सेवेचा आरंभ वेदना मोजण्यापासून होतो. शून्य ते दहा या मापात दुखणे सांगणे ज्याला अवघड जाते, त्याला रुपयातले किती आणे दुखते असे विचारता येते, आणि ‘बारा आणे’ हे उत्तर औषधाची मात्रा ठरवायला पुरेसे बोलके असते. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची साधी, स्वस्त गोळी सामान्यतः दर चार तासांनी, दुखणे उसळण्याची वाट न पाहता दिली जाते; तिने बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यावे लागते, तर सुरुवातीची मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. व्यसन लागेल ही नातेवाइकांची धास्ती समजण्यासारखी आहे, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने तसे क्वचितच घडते.

वेदनेइतकीच दुर्लक्षित राहते ती जखमेची दुर्गंधी. गालावरची गाठ फुटली की तिच्यातील मृत पेशींत प्राणवायूविना वाढणारे जिवाणू माजतात, वासामुळे शेजारची माणसे खाट सरकवून घेतात, आणि रुग्ण स्वतःच तोंडावर दुपट्टा ओढून भिंतीकडे वळतो. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड धुतलेल्या जखमेवर भुरभुरली तर हा वास काही दिवसांत पुष्कळच कमी होतो; एवढ्या क्षुल्लक खर्चात माणूस पुन्हा माणसांत बसू शकतो, आणि तरीही ती न वापरली जाणे ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

ज्या सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय उभे आहे, तेथेच कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नसलेल्या काळात गांधीजी त्या रोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत असत. त्या सेवेमागची दृष्टी आणि इंग्लंडमध्ये सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमागची दृष्टी यांत मोठे अंतर नाही. शारीरिक वेदनेत मनाची, कुटुंबाची, पैशाची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, असे सॉंडर्स यांचे प्रतिपादन होते. ‘त्यांना काही सांगू नका’ असे मुलगा डॉक्टरांना विनवतो, वडिलांनी मात्र सारे ओळखलेले असते, आणि परस्परांना जपण्याच्या धडपडीत शेतीचे, कर्जाचे, मुलीच्या लग्नाचे बोलणे राहून जाते. म्हणून रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच हळुवारपणे विचारणे, हाही उपचारच ठरतो.

सुट्टी झाल्यावर आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील गावी परतणाऱ्या रुग्णाला औषध कोठून मिळणार, हा प्रश्न उरतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने ती गुंतागुंत कमी होऊन मान्यताप्राप्त संस्थांची सोपी पद्धत आली. अशी मान्यता आर्वी आणि हिंगणघाट येथील उपजिल्हा रुग्णालयांनी घेतली आणि गोळ्यांचा साठा नियमित ठेवला, तर महिन्याच्या औषधासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांना वर्ध्याची खेप करावी लागणार नाही.