आधी आलेल्यांना नंतर आलेले का खुपतात?



भरलेल्या एसटीत चढताना काय होतं, ते आपण सगळ्याजणी जाणतो. खाली उभी असलेली बाई ओरडते, "सरका हो जरा आत, मधे मोकळंच आहे!" तीच बाई कशीबशी आत शिरते. पुढच्या थांब्यावर गाडी थांबली की दारातल्या लोकांना ती म्हणते, "कुठं चढताय? मुंगी शिरायला जागा नाही. मागची गाडी येतेय." ती बाई काही वाईट नसते. तिची जागा बदलली, म्हणून तिचं बोलणं बदललं.

आज आम्ही याच स्वभावाबद्दल बोलणार आहोत. पण एसटीतल्या नव्हे, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या. तिथं बरीच वर्षं मुक्काम करून राहिलेले परदेशी लोक आहेत. नवे परदेशी आले की ते कपाळाला आठ्या घालतात. असं का होतं? तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचं गोऱ्यांशी वाजलं तर त्यात आपलं काय? आपलं आहे. त्यांना खोल्या दिल्या त्या गोव्यातल्या गावकऱ्यांनी. पाणी गेलं ते गावच्या विहिरींचं. आणि आता पेडण्यातल्या मोपा विमानतळावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आहेत. तिथून सिंधुदुर्गाची हद्द अगदी जवळ. आपल्यातल्या कितीतरी गटांनी घराच्या दोन खोल्या रंगवून पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. उद्या आपल्या पडवीत बसून एखादा जुना पाहुणा सांगेल, "त्या लोकांना खोली देऊ नका." तेव्हा त्याचं किती ऐकायचं, हे आपलं आपल्याला ठरवता आलं पाहिजे.

आता गोव्याचीच गोष्ट क्रमानं पाहू.

गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतली आणि युरोपातली तरुण मुलं तिथं येऊ लागली. लांब केस, गळ्यात माळा, खिशात जेमतेम पैसे. लोक त्यांना हिप्पी म्हणू लागले. त्यातली बरीचशी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशी जमिनीवरून मजल दरमजल करत यायची. घरच्या देशातल्या युद्धाला, पैशामागच्या धावपळीला ती कंटाळली होती. आधी कळंगुट, मग हणजूण आणि वागातोर इथं त्यांचा मुक्काम पडला. मच्छीमारांच्या आणि माडाची सूर काढणाऱ्यांच्या घरात खोली घ्यायची, विहिरीवर आंघोळ करायची, घरमालकीण देईल ती आमटी-भात खायची. भाडं थोडं, पण सहा-सहा महिन्यांचं.

त्यांच्यातला एक अमेरिकन माणूस 'एट फिंगर एडी', म्हणजे आठ बोटांचा एडी, या नावानं प्रसिद्ध झाला. हणजूणचा बुधवारचा बाजार त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला असं मानतात. पैसे संपले की आपली विजार, रेडिओ, गिटार तिथं विकायचं आणि मुक्काम लांबवायचा, एवढाच त्या बाजाराचा हेतू होता. एडी २०१० साली गोव्यातच वारला.

मग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दाबोळीला चार्टर विमानं उतरू लागली. म्हणजे अख्खं विमानच एका सहल कंपनीनं ठरवलेलं. विमान, हॉटेल, बस यांचे पैसे पाहुणा आपल्या देशातच भरून यायचा आणि दोन आठवड्यांत परत जायचा. जुन्या परदेशी लोकांना हे मुळीच रुचलं नाही. ते म्हणू लागले, "आम्ही प्रवासी, हे नुसते पर्यटक. यांना गोवा काय कळणार? आता गोवा संपला."

नव्वदच्या दशकात आणखी एक लाट आली. सक्तीची लष्करी नोकरी संपवून आलेली इस्राएलची मुलं, ब्रिटनची मुलं. किनाऱ्यावर रात्रभर ढणढण संगीत सुरू झालं. त्या संगीताला जगभर 'गोवा ट्रान्स' असं नावच पडलं. जुने पुन्हा म्हणाले, "आता मात्र गोवा संपला."

२००० नंतर रशियन पाहुणे मोठ्या संख्येनं येऊ लागले. मोरजी आणि हरमल इथं दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या, खाण्याची यादीही रशियनमध्ये छापली जाऊ लागली. आणि तक्रार कोण करू लागलं? नव्वदच्या दशकात ज्यांच्यामुळं इतरांची झोप उडाली होती, तेही आता 'जुने' झाले होते. "हे लोक हसत नाहीत, आपल्यातच राहतात, भाडी वाढवतात," असं ते म्हणू लागले.

बघा, प्रत्येक लाटेला वाटलं की खरा गोवा आपण आलो तोपर्यंतच होता. दार लावायचं ते आपल्या पाठीमागं.

हे असं का होतं? याचं एक कारण फार महत्त्वाचं आहे.

गोव्यात वीस वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाकडं हक्काचं काय असतं? तो मत देऊ शकत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्याला इथं घर-जमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीचं तर नावच नको. पर्यटक व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. म्हणून कितीतरीजण मुदत भरत आली की नेपाळला किंवा श्रीलंकेला जायचे आणि नव्यानं आत यायचे. २००९ च्या अखेरीस सरकारनं नियम केला की पर्यटक व्हिसावरच्या दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर पाहिजे. त्याचं कारण गोव्यातलं नव्हतंच, मुंबई हल्ल्याच्या कटातल्या हेडलीचं प्रकरण उघड झालं होतं. पण वर्षानुवर्षं भाड्याचं घर धरून बसलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकली. पुढं २०१२ मध्ये बहुतेक देशांच्या लोकांसाठी तो नियम उठला. तरी एवढं नक्की कळलं, की आपलं इथलं राहणं एका कागदावर उभं आहे.

मैत्रिणींनो, ज्याच्याकडं सातबारा नाही, मतदार यादीत नाव नाही, त्यानं 'मी इथला' हे सांगायचं कशाच्या जोरावर? "आम्ही आधी आलो," हाच त्याचा सातबारा! नवा माणूस आला, तितकेच पैसे देऊन शेजारच्या खोलीत राहू लागला, की त्या सातबाऱ्याची किंमत शून्य होते. म्हणून तो सांगत सुटतो की मी वेगळा, मला इथली भाषा कळते, मी भात हातानं खातो, मी त्यांच्यातला नव्हे. त्यात भीतीही असते. नव्यांपैकी कुणी दंगा केला, अमली पदार्थांत सापडला, तर गाव आणि पोलीस सगळ्या गोऱ्यांना एकाच मापानं मोजणार. आधीच डळमळणारा पाय आणखी डळमळणार. ज्याचा पाय पक्का नाही, तोच जास्त जोरात म्हणतो, "गाडीत जागा नाही."

पण म्हणून त्यांची प्रत्येक तक्रार खोटी असते असं नाही. इथंच आपल्याला निवडायला बसायचं आहे. तांदूळ निवडतो तसं.

काही तक्रारींच्या खाली खरी वस्तू असते. आवाज घ्या. रात्रभर संगीत वाजलं तर आजारी माणसाची आणि सकाळी शाळेत जाणाऱ्या लेकराची झोप जातेच. देशभरासाठी २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. भाडं घ्या. मागणी वाढली की भाडं वाढतं, आणि मग परदेशी माणसाबरोबर गावातल्या शिक्षिकेला, नर्सबाईलाही खोली परवडत नाही. मोरजीचा किनारा घ्या. तिथं ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री वाळूत अंडी घालायला येतात. त्यांना अंधार आणि शांतता लागते. दिवे आणि गर्दी झाली तर त्यांची वाट मोडते. या सगळ्या खऱ्या गोष्टी आहेत, मग त्या कुणीही बोलून दाखवोत.

दुसऱ्या तक्रारींच्या खाली वस्तू काहीच नसते, नुसता माणूस असतो. "हे लोक हसत नाहीत," ही त्यातलीच. रशियात अनोळखी माणसाकडं बघून हसायची रीत नाही. तिथं उगाच हसणारा माणूसच विचित्र वाटतो. म्हणजे घरमालकिणीकडं बघून तो हसला नाही, तर तो तिला तुच्छ लेखतो असं मुळीच नाही. "ते आपल्यातच राहतात," ही आणखी एक. पहिल्या हिप्पींनी तरी काय केलं होतं? तेही आपल्यातच राहत होते.

आणखी एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. चार्टर विमानं आली तेव्हा गोव्यातल्या लोकांनीही विरोध केला. 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेनं निदर्शनं केली. वरून पाहिलं तर जुने परदेशी आणि गोंयकार एकच बोलत होते, "हे पर्यटक नकोत." पण गोंयकारांचं म्हणणं होतं की मोठ्या हॉटेलांकडं पाणी आणि जमीन जाते, पैसा मात्र गावात उतरत नाही. जुन्या परदेशी लोकांचं म्हणणं होतं की आमचा शांत किनारा गेला. बोल एक, मुळं दोन. दुसऱ्याचं गाऱ्हाणं आपण उचलण्याआधी त्याचं मूळ कुणाच्या परड्यात आहे ते बघावं.

आता आपल्याकडं वळू. एसटीतली ती बाई आपल्यातही असते. कोकणात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. देशावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गोव्याच्या किनाऱ्यावर कर्नाटकातल्या लमाणी बाया माळा-कपडे विकतात, त्यांनाही "बाहेरच्या" म्हणून ऐकून घ्यावं लागतं. आणि आपले दीर-मुलगे मुंबईला, पुण्याला गेले, तिथं कुणीतरी त्यांनाही तेच ऐकवलेलं असतं.

तर घरी पाहुणे ठेवणाऱ्या गटांसाठी आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली, नियम माणसाला नको, गोष्टीला करा. "अमक्या देशाचे नकोत" असं नको. "रात्री दहानंतर आवाज नाही, कचरा डब्यात, विहिरीवर साबण नाही" असं लिहून दारावर लावा. जुन्या पाहुण्यालाही तेच, नव्यालाही तेच. जुना म्हणून सूट दिलीत की भांडणाचं बी पेरलंत.

दुसरी, कागद चोख ठेवा. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं घरमालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. त्या नोंदीला बरीच वर्षं 'सी फॉर्म' म्हणत. पासपोर्ट आणि व्हिसा पाहून, त्यांची प्रत ठेवूनच खोली द्या. दहा वर्षांच्या ओळखीचा असला तरीसुद्धा. कसं भरायचं ते पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या.

तिसरी, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नका. २०१४ च्या शेवटी रशियाचं चलन रुबल घसरलं आणि रशियन पाहुणे एकदम कमी झाले. नुसती त्यांच्यावरच भिस्त ठेवलेल्यांच्या खोल्या रिकाम्या पडल्या. देशी, परदेशी, चार दिवसांचा, चार महिन्यांचा, सगळे पाहुणे असू द्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. होडीत कोण बसलं आहे यावर त्यांचं वल्हं बदलत नाही. आपलंही तसंच असावं.

चौथी, पाणी, कचरा आणि भाडं यांचा प्रश्न पाहुण्यांच्या भांडणात सुटत नाही. तो ग्रामसभेत मांडा. विहीर गावाची आहे. तिचं पाणी कुणाला किती, हे आधी आलेल्या पाहुण्यानं ठरवायचं नाही, नंतर आलेल्यानंही नाही. ते गावानं ठरवायचं, आणि त्या बैठकीत बायका पुढं बसलेल्या पाहिजेत.

गटाच्या येत्या बैठकीत दोन प्रश्नांवर जरूर बोला. आपल्या गावात "बाहेरचे" कुणाला म्हणतात, आणि म्हणणारं घर स्वतः कधी आलं होतं? त्यांच्याबद्दलच्या तक्रारींपैकी वस्तूच्या किती आणि माणसाच्या किती? दोन रकाने करून फळ्यावर लिहा. वस्तूचा रकाना ग्रामसभेकडं न्या. माणसाचा रकाना पुसून टाका आणि त्या घरातल्या बाईला पुढच्या हळदीकुंकवाला बोलवा.

काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.