९५.२५ : मामाच्या हेरल्डला चाकं कुठून आणायची?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी इथे थोडं जास्त लिहितोय. यात आकडे बरेच आहेत, आणि लोकलमध्ये इअरफोन लावून कुणी भागाकार करत बसत नाही. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल.

विषय मामाच्या गाडीचा आहे. मामाकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे. नाव ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगतो. ट्रायम्फ हेरल्ड ही मूळची इंग्लंडची गाडी, १९५९ साली आली. डिझाइन जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. आपल्याकडे १९६१पासून मद्रासमध्ये ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून बनायला लागली. तिचं पुढचं बॉनेट मडगार्डसकट, आख्खंच्या आख्खं उचललं जातं. ती गल्लीत वळते तेव्हा रिक्षावाले थांबून बघतात, इतकी कमी जागा तिला लागते.

तर या गाडीच्या पाच रिम्स. (गॅरेजवाले रिमला 'डिस्क' म्हणतात, मी इथे रिमच म्हणणार.) टायर उतरवून पाहिलं तर एका रिमला दोन नटांच्या भोकांच्या मध्ये केसासारखी बारीक तडा गेलेली. दुसरीची कड वाकलेली. उरलेल्या तीन गंजलेल्या पण धडधाकट. मामा म्हणाला, "मला काही शोबाजी नकोय. चार चाकं आणि एक स्टेपनी मिळवून दे, नाहीतर विकून टाकतो एकदाची." 'विकून टाकतो' म्हणजे कुणाला, तर भंगारवाल्याला. कारण चाकांशिवाय उभी असलेली गाडी दुसरं कोण घेणार?

गंमत बघा, टायरचा प्रश्नच नव्हता. हेरल्डचं चाक १३ इंची. जुन्या वॅगनआरला लागायचा तो १४५/८० आर १३ टायर आजही कुठल्याही दुकानात मिळतो. अडलं होतं ते रिमवर, आणि तेही एका आकड्यामुळे: ९५.२५.

हा आकडा म्हणजे पीसीडी. हबवरच्या सगळ्या नट-बोल्टच्या मध्यातून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास. स्विफ्टचा पॅटर्न ४×१००, म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मारुती ८००चा ४×११४.३. फियाट पॅलिओचा ४×९८. हेरल्डचा ४×९५.२५. आता ११४.३ हा असला विचित्र आकडा कुणी का ठेवेल? कारण तो मिलिमीटरमध्ये ठरवलेलाच नाही. तो साडेचार इंच आहे. जिप्सीचा ५×१३९.७ म्हणजे साडेपाच इंच. आणि आपला ९५.२५ म्हणजे पावणेचार इंच. पॉइंटनंतरचे आकडे दिसले की समजायचं, ड्रॉइंग इंचात काढलेलं होतं.

जुन्या काळी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने पॅटर्न ठरवायची. रेनो ४ला तीनच बोल्ट, ३×१३०. सित्रोएन २सीव्हीला ३×१६०. (तीन बोल्ट ऐकून हसू नका, आपल्या नॅनोलाही तीनच आहेत.) जुन्या बीटलला ५×२०५, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ, आणि नंतरच्या बीटलला ४×१३०. म्हणजे 'बीटलची रिम' असं नुसतं मागितलं तर दुसऱ्याच बीटलची येऊ शकते. म्हणून पहिली गोष्ट, गाडीचं नाव घेऊन शोधायला निघू नका. आधी मोजा.

मोजायचं कसं? चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडवर व्हर्नियर लावा. एकदा बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, एकदा आतून आतपर्यंत. दोन्हींची सरासरी म्हणजे पीसीडी. स्टडची जाडी माहीत असायची गरजच नाही, ती आपोआप कटते. मामाच्या गाडीवर बाहेरून १०४.८ आलं, आतून ८५.७. सरासरी ९५.२५. मला कोडमध्ये टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाल्यावर होतो तसा आनंद झाला. पाच बोल्ट असतील तर समोरासमोर काही येत नाही, तेव्हा शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७०१ने गुणा. तीन असतील तर १.१५५ने.

आता खरा मुद्दा. ४×९५.२५ची नवी रिम आपल्याकडे शोरूममध्ये नाही, पण ४×१००च्या अलॉयचे ढीग लागलेत. एका दुकानात मला अगदी प्रेमाने सांगण्यात आलं, "साहेब, भोकं जरा लांबट करून देतो, आरामात बसेल." आणि बसतंही! म्हणूनच ते धोक्याचं आहे.

हिशोब करू. १०० वजा ९५.२५ म्हणजे ४.७५, त्याचं निम्मं २.३७५. प्रत्येक भोक आतल्या बाजूला जवळजवळ अडीच मिमी लांबवायचं. आता नट काय करतो ते बघा. आपल्याला वाटतं, गाडीचं वजन त्या चार स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि तो ताण रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण होतं, त्यावर चाक टिकतं. नटाचं निमुळतं तोंड रिमच्या तितक्याच निमुळत्या खोबणीत चारही बाजूंनी बसलं तरच हा दाब नीट मिळतो. भोक लांबट केलं की ती खोबणी गेली. नट एका बाजूनेच टेकतो, दाब कमी पडतो, आणि चाक फिरताना दर फेऱ्याला स्टड थोडासा वाकतो, पुन्हा सरळ होतो.

'थोडासा' म्हणजे किती वेळा? १४५/८० आर १३ टायरचा घेर पावणेदोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५७० फेरे. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर पंच्याऐंशी हजारांच्या वर. तार हाताने दहा-वीसदा वाकवली तर तुटते, मग सव्वानऊ-साडेनऊ मिमीच्या स्टडला किती दिवस देणार? आणि तो तुटतो तेव्हा आधी फोन करून सांगत नाही. मामा या गाडीतून मामीला घेऊन घाट चढतो, म्हणून मी या विषयावर जरा कडक बोलतो. भोकं लांबवणं हा स्वस्त पर्याय नाही. तो पर्यायच नाही.

फरक कमी असला तर चालेल का? ओरिजिनल मिनीचं उदाहरण घ्या. तिचा पॅटर्न चार इंच, म्हणजे १०१.६. बाजारात १००. फरक फक्त १.६, दर स्टडला ०.८ मिमी. जोर लावला की रिम बसते, हाताला काही कळतही नाही. पण नट एका बाजूलाच टेकतो ही गोष्ट ०.८लाही तीच आहे. असल्या छोट्या फरकासाठी 'वॉबल बोल्ट' नावाचा प्रकार असतो, ज्याचं निमुळतं तोंड सुटं असून थोडं सरकतं. पॅलिओसारख्या ९८वाल्या गाड्यांवर १००ची रिम लावायला लोक तो वापरतात. चांगल्या दर्जाचा मिळाला तर ठीक. हेरल्डच्या पावणेपाच मिमीला त्याचा उपयोग नाही.

मग अडॅप्टर. ही अॅल्युमिनियमची जाड चकती असते. एका बाजूने तुमच्या हबला बसते, दुसऱ्या बाजूला वेगळ्या पॅटर्नचे स्टड. नीट मशिनिंग केलेला अडॅप्टर मुळात वाईट नाही. पण नट आत बुडायला हवा म्हणून त्याची जाडी वीस-पंचवीस मिमी लागतेच, आणि चाक तेवढं बाहेर सरकतं. दोन्ही बाजू मिळून पाच सेंटीमीटर. हेरल्डला हे मानवत नाही. पुढे ट्रनियन नावाचा सांधा आहे, त्याला ग्रीस नाही तर ऑइल लागतं, आणि कुणी दुर्लक्ष केलं तर तो तिथेच तुटतो, असा त्याचा लौकिक. चाक बाहेर नेलं की त्याच सांध्यावर आणि बेअरिंगवर लिव्हरसारखा जास्तीचा जोर येणार. साठीतल्या माणसाला तुम्ही दोन्ही हात लांब करून बादल्या धरायला सांगताय.

मग 'अलॉयलाच नवीन भोकं पाडू' हा विचार मी स्वतः बरेच दिवस करत होतो, कारण इंजिनिअर माणसाला ते स्वच्छ वाटतं. जुन्या भोकांच्या मध्ये, ४५ अंश फिरवून, ९५.२५वर चार नवी भोकं. कागदावर काढून पाहिलं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमीचं असतं, म्हणजे त्रिज्या साडेछत्तीस. माझ्या नव्या भोकाचा मध्य ४७.६वर. नटाच्या खोबणीची रुंदी वीस मिमी धरली तरी तिची आतली कड ३७.६वर येते. म्हणजे नट आणि मधलं भोक यांच्यामध्ये धातू उरला एक मिलिमीटर! विषय संपला. पॅटर्न मोठा असता, ११४ वगैरे, आणि भोकं न पाडलेली कोरी अलॉय मिळाली असती, तर चांगल्या सीएनसीवाल्याकडे हे करता येतं. पावणेचार इंचात जागाच नाही.

इथपर्यंत सगळं 'नाही, नाही' झालं. 'हो' कुठे आहे?

ते आकड्यातच आहे. ९५.२५ ही काही फक्त हेरल्डची मिरास नाही. ट्रायम्फच्या स्पिटफायर, जीटी६, व्हिटेस, डोलोमाइट, टीआर७ या सगळ्यांचा पॅटर्न हाच. म्हणून ब्रिटनमध्ये या मापाच्या नव्या रिम्स अजून बनतात, मिनीलाइट स्टाइलच्या अलॉयसुद्धा. तुमचं कुणी तिकडे असेल तर 'हेरल्ड' न शोधता 'चार भोकं, पावणेचार इंच, १३ इंची' असं शोधायला सांगा. यादी एकदम लांबते. फक्त ऑफसेट विचारा, म्हणजे रिमची हबला टेकणारी जागा मध्यापासून किती आत-बाहेर आहे. टीआर७ची रिम हेरल्डवर बोल्टला बसेल, पण आतून घासेल का ते ऑफसेट ठरवतो. आणि अलॉय स्टीलपेक्षा जाड असते, म्हणजे स्टड लांब लागणार आणि नटही वेगळे. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. मी चार अलॉयचा हिशोब काढला तेव्हा पार्सल आणि कस्टम्स धरून तो लाखाच्या घरात गेला. मामाला सांगितलंच नाही.

आम्ही केलं ते असं. वाकलेली रिम सरळ करायला दिली. सायकलच्या चाकाचा आउट काढतात तसंच, फक्त इथे डायल गेज लावून. आउट काढायच्या आधी सँडब्लास्टिंग करून घ्या. रंगाखाली लपलेली तडा तेव्हाच दिसते, आणि तडा असली तर वेल्डिंग करून वापरू नका, नटाच्या भोकाजवळची तर मुळीच नाही. तडा गेलेली रिम मी गॅस कटरने दोन तुकडे करून भंगारात दिली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाही. चार रिम्सचं ब्लास्टिंग, आउट काढणं आणि पावडर कोटिंग मिळून सहा हजारांच्या आत आलं. कोटिंगवाल्याला एक गोष्ट निक्षून सांगा: नटाच्या खोबणीवर आणि हबला टेकणाऱ्या सपाट भागावर जाड थर नको. तो थर नंतर दबतो आणि आवळलेला नट सैल पडतो.

पाचवीसाठी भटकंती झाली. पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि फोनवरून चेन्नईचं पुदुपेट्टै. गाडी मद्रासची, म्हणून तिकडचे जुने भंगारवाले 'हेरल्ड' म्हटल्यावर निदान 'म्हणजे काय?' असं विचारत नाहीत. शेवटी मिळाली कोल्हापुरात. एका काकांच्या हेरल्डची चॅसी गंजून गेली होती, त्यांनी दोन रिम्स तीन हजारांत दिल्या आणि वर चार व्हील कॅप तशाच दिल्या. "गाडी चालू राहू दे म्हणावं मामाला," म्हणाले.

कुणाला रिमबद्दल मेसेज करणार असाल तर 'आहे का?' एवढंच विचारू नका. भोकं किती, पीसीडी किती, मधलं भोक किती, रुंदी किती, आणि पुढून-मागून दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मागची बाजू महत्त्वाची, तडा तिथे दिसते. पट्टी ठेवून फोटो काढायला सांगा. पट्टी ठेवायला जो कंटाळा करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

नटांचंही सांगून ठेवतो. हेरल्डचे स्टड ३/८ इंच यूएनएफ आट्यांचे आहेत. दुकानदार हमखास दहा मिमीचा नट देतो. तो दोन-तीन आटे जातो, मग अडकतो, आणि आपला माणूस पान्याला पाइप लावून जोर काढतो. आटे गेले! स्टड सोबत घेऊन जा आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते दुकानातच बघा. चाकं बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा सगळे नट परत तपासा. मामाने ते खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबून केलं, दोन नट पाव फेरा घेतले.

या जुन्या रिम्सना आतून टायर अडवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब घालावी लागते. त्यावर पुढच्या भागात बोलू, तोवर तुमच्या गाडीचा आकडा व्हॉइस नोटमध्ये पाठवा. सरासरी काढून पाठवा, अंदाजे नको.