उंच लाकडी खांब ट्रॅक्टरच्या साह्याने कसा उभारावा

मळ्यातील दिवा, द्राक्षमांडवाचा कोपरा, देवळापुढील निशाण अशा अनेक कामी शेतकऱ्यास उंच खांब लागतो. जालना शहरात लोखंडाचे कारखाने पुष्कळ आहेत. तथापि बांधावरचे निलगिरीचे सरळ लाकूड घरचेच असल्याने खेड्यात आजही पुष्कळ वेळा लाकडाचाच खांब रोवतात. पूर्वी दहा-बारा माणसे व एक बैलजोडी मिळून हे काम करीत. आता ट्रॅक्टर आला. श्रम वाचले, परंतु जोखीम वाढली. ओझे अडले की बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही.

महसूल खात्यात असताना अपघाती मृत्यूचे जे कागद आमच्या हातून गेले, त्यांत एक असाच होता. पावसाने भिजलेला खांब उभा होत असता त्याचे टोक विजेच्या तारेस लागले व बुंधा धरणारा तरुण जागीच गेला. खड्ड्याचे माप अचूक घेतले होते; वर मात्र कोणी पाहिले नव्हते. म्हणून पहिला नियम हा की, खांबाच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणत्याही बाजूस विजेची तार असल्यास तेथे खांब उभारू नये. दुसरी जागा पाहावी, अथवा महावितरणच्या माणसाकडून प्रवाह बंद करवून मगच हात लावावा.

खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत असावा. 24 फुटी खांबास 4 फूट, 30 फुटी खांबास 5 फूट. आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तीत रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो. यास्तव मुरूम लागेपर्यंत खोल जावे. ट्रॅक्टरला जोडावयाच्या खड्डे खोदण्याच्या यंत्राने साधारण 3 फूट खड्डा लवकर होतो. पुढील खोली पहारीने काढावी. यंत्र फिरत असता धोतराचा सोगा, उपरणे वा पदर घेऊन कोणीही जवळ जाऊ नये.

लाकूड कुजते ते बहुधा जमिनीच्या पातळीशी, कारण ओल व हवा दोन्ही तेथे मिळतात. म्हणून साल काढून लाकूड चांगले वाळवावे आणि बुंध्यापासून जमिनीच्या वर एक फुटापर्यंत डांबराचे दोन हात द्यावे. खड्ड्याच्या तळाशी सहा इंच दगडांचा थर घालावा, म्हणजे पाणी साचत नाही.

आता उभारणी. 24 फूट लांब व 8 इंच जाड खांबाचे वजन सुमारे 200 किलो भरते. ज्या बाजूस खांब आडवा असेल त्या बाजूने खड्ड्यास उतरता चर काढावा आणि समोरच्या भिंतीस जाड फळी लावावी, म्हणजे बुंधा तीवर टेकून खाली घसरतो व माती ढासळत नाही. शेंड्याकडील भाग प्रथम माणसांनी उचलून लाकडी कैचीवर ठेवावा. सपाट पडलेला खांब ओढल्यास तो उठत नाही, नुसता सरकतो. खांबाच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर चार दोर बांधावे: एक ट्रॅक्टरकडे, दोन बाजूंस, आणि एक मागे, आवरून धरण्यासाठी. ट्रॅक्टर खड्ड्याच्या पलीकडे, खांबाच्या दीडपट अंतरावर असावा. दोर खालच्या ओढदांड्यासच बांधावा. तो उंच बांधल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटतो, व चालकास उडी टाकण्यासही अवधी मिळत नाही.

पहिल्या गिअरमध्ये, इंचाइंचाने ओढावे. इशारा एकाच माणसाने द्यावा. दहा जणांनी ओरडल्यास चालकास एकही शब्द कळत नाही. खांब वर जाईल तशी कैची पुढे सरकवीत न्यावी. खांब उभा होत आला की ट्रॅक्टर थांबवावा व मागील दोर ताणावा, नाहीतर खांब ट्रॅक्टरच्याच अंगावर यावयाचा. खांबाच्या सावलीत, म्हणजे तो पडू शकेल तेवढ्या टापूत, मुलेबाळे तर नकोच, मोठेही नकोत.

मग ओळंबा धरून दोन काटकोनी बाजूंनी खांब सरळ पाहावा. निघालेली काळी माती परत घालू नये. मुरूम व दगडगोटे सहा-सहा इंचांच्या थरांनी घालून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोकावा. शेवटी बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी दूर वाहते. भरणी पुरी होईपर्यंत एकही दोर सोडू नये.

असो. या कामास अर्धा दिवस अधिक लागला तर लागो. खांब पुन्हा उभारता येतो. त्याखाली गेलेला माणूस येत नाही.