एक जनुक वजा केल्यावर

सकाळी 6.30
प्राणिगृहात शिरण्याआधी झगा, टोपी, मास्क, हातमोज्यांचे दोन थर. रॅट निशाचर असतो. रात्रभर खाऊन-हुंदडून या वेळेला तो पेंगुळलेला असतो, म्हणून वजनं याच वेळी आणि रोज त्याच क्रमाने घेते. डायऑक्सिन या विषारी रसायनांवर काम करणाऱ्याची नजर आधी वजनाकडे जाते. टीसीडीडी हा त्या कुळातला सर्वांत जहाल रेणू. त्याची मारक मात्रा पोटात गेलेला रॅट लगेच मरत नाही. त्याचं खाणं तुटतं, मग तो दोन-तीन आठवडे खंगत जातो. काट्यावर हे आधी दिसतं. डोळ्यांभोवती तांबूस स्राव किंवा विस्कटलेली लव दिसली, तर पशुवैद्याला बोलावते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे वजन उतरलं, की त्या प्राण्यापुरता प्रयोग तिथेच थांबतो. इथल्या सगळ्या नियमांत हा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सकाळी 8.00
नव्या पिल्लांची ओळख पटवायची. आमच्या वंशातल्या आई-बापांकडे ‘अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर’, म्हणजे एएचआर, या जनुकाची एक प्रत शाबूत आणि एक मोडलेली असते. मेंडेलच्या हिशेबाने सरासरी चारातल्या एका पिल्लाकडे दोन्ही प्रती मोडलेल्या येतात. तेच ‘नॉकआउट’. दोन्ही प्रती शाबूत असलेली ‘वाइल्ड टाइप’ भावंडं तुलनेसाठी लागतात. कानाच्या कडेचा बारीक तुकडा घेऊन त्यातला डीएनए काढते आणि नळ्या पीसीआर यंत्रात ठेवते.

सकाळी 9.30
यंत्र चालू असताना नव्या विद्यार्थिनीशी बोलायला निवांत वेळ मिळतो. डायऑक्सिन पेशीतल्या नेमक्या कुठल्या प्रथिनाला चिकटतं, हे ॲलन पोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये माऊसच्या यकृतात दाखवलं. त्याच वर्षी जुलैत इटलीतल्या सेवेसोजवळच्या कारखान्यातून टीसीडीडीचा ढग बाहेर पडला होता. या प्रथिनाचं, म्हणजे एएचआरचं, जनुक 1992 मध्ये हाती आलं.

एरवी हा रिसेप्टर पेशीद्रवात, सोबतच्या प्रथिनांना धरून, गप्प असतो. योग्य रेणू चिकटला की तो केंद्रकात जातो, ‘आर्न्ट’ या प्रथिनाशी जोडी करतो, डीएनएवरच्या ठरावीक अक्षरक्रमावर बसतो आणि कितीतरी जनुकं चालू करतो. त्यातलं एक सीवायपी1ए1 हे विकर बनवतं. ते अशा रेणूंची मोडतोड करून शरीराबाहेर जायची वाट करून देतं. रेणू संपला की रिसेप्टर पुन्हा शांत. टीसीडीडी मात्र या विकराला दाद देत नाही. माणसाच्या शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सात वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे तेवढा काळ रिसेप्टरला चिथावणी मिळतच राहते. विषबाधा होते ती या न थांबणाऱ्या आदेशांमुळे. म्हणूनच जनुक काढून टाकलेल्या रॅटना टीसीडीडी वारंवार पाजूनही वाइल्ड टाइपमध्ये दिसणारे विकार त्यांच्यात दिसले नाहीत.

सकाळी 11.00
शवविच्छेदन. आज डायऑक्सिन न दिलेल्या, निव्वळ नॉकआउट प्राण्यांची पाळी आहे. माझ्या लेखी दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास हाच. एएचआरचं काम फक्त विष ओळखणं असतं, तर विषाचा स्पर्शही न झालेल्या प्राण्याला त्याच्या नसण्याने काही फरक पडायला नको होता. पण पडतो, आणि दर जातीत वेगळा पडतो. नॉकआउट माऊसमध्ये गर्भावस्थेतली, यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी जन्मानंतरही बंद होत नाही आणि यकृत लहान राहतं. रॅटमध्ये ती वाहिनी नेहमीसारखी बंद होते, पण दोन्ही मूत्रपिंडं आतून फुगलेली सापडतात. 2013 मध्ये ही तुलना प्रसिद्ध झाली. त्यासाठीच्या रॅटमधलं जनुक झिंक फिंगर न्यूक्लिएज या विकराने मोडलं होतं. मी प्रत्येक मूत्रपिंडाचं वजन घेते, छेद घेते, फॉर्मेलिनमध्ये ठेवते. यकृताचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये जातात.

दुपारी 1.00
डबा. आज कोबीची भाजी आहे, आणि तीही या विषयाबाहेरची नाही. कोबीवर्गातल्या भाज्यांतून इंडोल जातीची संयुगं मिळतात. जठरातल्या आम्लात त्यांच्यापासून एएचआरला चिकटणारे रेणू तयार होतात. आतड्यातले जीवाणूही ट्रिप्टोफॅनपासून असेच रेणू बनवतात. ते आले तसे निघून जातात आणि आतड्याच्या अस्तराची रोगप्रतिकारशक्ती शाबूत ठेवायला हातभार लावतात. या रिसेप्टरचं रोजचं काम असल्या पाहुण्यांशी आहे. चुलीच्या धुरातलं बेन्झोपायरीनही त्यालाच चिकटतं. तिथे मात्र चालू झालेलं विकर त्या रेणूचं डीएनएला इजा करणाऱ्या रूपात रूपांतर करतं. रस्त्याकडेला प्लास्टिकसकट पेटवलेला कचरा तर डायऑक्सिनच तयार करतो. हे समजल्यापासून गावी गेले की त्या धुराकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

दुपारी 2.30
इरॉड चाचणी. यकृतातून वेगळे काढलेले मायक्रोसोम प्लेटवर घालते. सीवायपी1ए1 जागं असेल तर इथॉक्सीरिसोरुफिनपासून रिसोरुफिन बनतं आणि त्याची चमक यंत्र मोजतं. डायऑक्सिन दिलेल्या वाइल्ड टाइपची रेघ झपकन चढते. नॉकआउटची तळाशीच राहते. सकाळच्या पीसीआरने जे सांगितलं, त्याला इथे दुसरी साक्ष मिळते.

दुपारी 4.30
गटाची बैठक. आज फिनलंडमधल्या रॅटची चर्चा. लाँग-इव्हान्स वंशातले रॅट दर किलो वजनामागे दहा-वीस मायक्रोग्रॅम टीसीडीडीने मरतात. कुओपिओच्या हान/विस्टर वंशातले 9600 मायक्रोग्रॅमही बहुतांशी पचवतात. या फरकाचं मुख्य कारण एएचआर जनुकातल्या एका बदलात सापडलं. त्याने रिसेप्टरच्या शेपटाकडचा काही भाग गळतो. तरीही या चिवट रॅटमध्ये सीवायपी1ए1 नेहमीसारखंच चालू होतं. मारक परिणाम आणि विकर जागं करणं हे एकाच रिसेप्टरचे दोन वेगळे मार्ग आहेत, हे त्यातून कळलं. जनुक सबंध मोडून हे कळलं नसतं. निसर्गाने केलेली ही बारीक छाटणी आमच्या नॉकआउटला पूरक आहे.

संध्याकाळी 6.00
नोंदवही. किती प्राणी वापरले, का वापरले, त्यांतला एखादा टळला असता का? रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेलं तत्त्व, प्राण्यांऐवजी पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, मी रोज या रकान्यांतून तपासते.

माणसासाठी सुरक्षित मर्यादा ठरवताना हे सगळं कामाला येतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये डायऑक्सिन आणि तत्सम पीसीबी रसायनांची आठवड्याची मर्यादा दर किलो वजनामागे 14 पिकोग्रॅमवरून 2 वर आणली. तो आकडा माणसांवरच्या अभ्यासातून आला. ते योग्यच झालं, कारण रॅट आणि माऊस या दोन जातींचंही जिथे एकमत नाही, तिथे आमच्या पिंजऱ्यातला आकडा उचलून माणसाला लावता येत नाही. विष कोणत्या वाटेने काम करतं आणि ती वाट बुजवली तर कोणतं रोजचं काम अडतं, हे मात्र हे प्राणी सांगू शकतात. एएचआरला अडवणारी किंवा चालना देणारी औषधं आता माणसांसाठी तयार होत आहेत. फुगलेल्या मूत्रपिंडांची माझी नोंद त्या औषधांची सुरक्षितता तपासणाऱ्यांनी वाचावी, म्हणून उद्याच्या छेदांची यादी आत्ताच लिहून ठेवते.