लायपेज : तेल-तूप पचवणाऱ्या एन्झाइमभोवतीचे गैरसमज

पोटात असह्य कळा येऊन दवाखान्यात दाखल झालेल्या पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘सीरम लायपेज’ हे नाव बहुधा असतेच. हा आकडा कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आला, की स्वादुपिंडाला सूज आल्याचा डॉक्टरांना दाट संशय येतो. लायपेज म्हणजे जेवणातले तेल-तूप पचवणारे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकर. स्वादुपिंडाच्या रसाचे हे काम फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले. आता हे एन्झाइम कारखान्यात तयार होते आणि औषध म्हणून शिरेतूनही दिले जाते. त्याच्याविषयीचे समज मात्र अजून बरेच भोंगळ आहेत.

गैरसमज १ : लायपेजची गोळी घेतली की पोटावरची चरबी वितळते.

वस्तुस्थिती : परिणाम नेमका उलटा होतो. तेल-तुपाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. स्वादुपिंडातून आलेले लायपेज लहान आतड्यात त्यांतली दोन तोडते. असे तुकडे झाले तरच मेद आतड्याच्या अस्तरातून शरीरात शिरतो. लायपेज कमी पडले तर खाल्लेले तूप अंगी लागत नाही, शौच तेलकट होते आणि माणूस वाळत जातो. वजन कमी करण्यासाठी दिले जाणारे ऑर्लिस्टॅट हे औषध लायपेजला चक्क बंद पाडते. त्याच्या नेहमीच्या डोसने जेवणातला साधारण ३० टक्के मेद न पचता बाहेर पडतो. ‘फॅट बर्नर’ म्हणून लायपेज विकणाऱ्या जाहिरातींना पचनाच्या शास्त्राचा आधार नाही.

गैरसमज २ : लायपेज एकच असते, कुठूनही आणले तरी चालते.

वस्तुस्थिती : शरीरातच ती अनेक आहेत. जठरातले लायपेज आम्लात काम करते. स्वादुपिंडातले लायपेज आम्लात नष्ट होते. त्याला पित्तक्षार आणि कोलायपेज नावाच्या छोट्या प्रथिनाची सोबत लागते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणखी एक प्रकार असतो, तर पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या कप्प्यात वेगळाच. बाहेरच्या जगात जिवाणू आणि बुरशींची लायपेज आहेत. अनेक बुरशीजन्य लायपेज आम्लात तग धरतात, पण आतड्यातल्या पित्तक्षारांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे देऊन भागत नाही.

गैरसमज ३ : जनुक जिवाणूत घातले की झाले, एन्झाइम आपोआप तयार.

वस्तुस्थिती : खरी मेहनत तिथून पुढे सुरू होते. माणसाच्या स्वादुपिंडातले लायपेज ही ४४९ अमिनो आम्लांची साखळी. ती अचूक घडी पडून बसावी लागते, तिच्यातले गंधकाचे बंध योग्य जागी जुळावे लागतात. ई. कोलाय जिवाणूत अशी प्रथिने बऱ्याचदा चुकीची घडी पडून निकामी गोळे होऊन बसतात. शिवाय माणसाच्या पेशी या एन्झाइमला शर्करेच्या साखळ्या जोडतात. ते काम ई. कोलायला जमत नाही. म्हणून संशोधक यीस्टकडे किंवा कीटकांच्या पेशींकडे वळतात.

एन्झाइम तयार झाले, पण ते काम करते का? याची एक जुनी आणि देखणी चाचणी आहे. काचेच्या बशीत अगारमध्ये ट्रायब्युटिरिन नावाचा मेद घोटून ओततात. थर दुधाळ, अपारदर्शक दिसतो. त्यावर जिवाणू किंवा यीस्टच्या वसाहती वाढवल्या की लायपेज बाहेर टाकणाऱ्या वसाहतीभोवतीचा मेद पचतो आणि तिथे स्वच्छ, पारदर्शक कडे उमटते. अचूक मोजमापासाठी दुसरी पद्धत. मेद तुटत जातो तसे मिश्रण आम्लधर्मी होत जाते. यंत्र त्यात थेंबथेंब अल्कली सोडून आम्लता जागेवर राखते. जितकी अल्कली खर्च होते, तितकी एन्झाइमची ताकद.

१९९० मध्ये दोन लायपेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली : एक माणसाच्या स्वादुपिंडाचे, दुसरे बुरशीचे. दोन्हींत क्रियास्थळावर एक झाकण दिसले. तेलाच्या पृष्ठभागाशी आल्यावर ते बाजूला सरकते. निव्वळ पाण्यात लायपेज मंद का असते, या जुन्या कोड्याचा मोठा भाग त्यामुळे उलगडला.

गैरसमज ४ : पेशंटच्या कॅप्सूलमधले लायपेज प्रयोगशाळेत बनवलेले असते.

वस्तुस्थिती : कपडे धुण्याच्या पावडरीतले लायपेज जनुकतंत्राने बनवलेले असू शकते. डेन्मार्कच्या नोवो कंपनीने १९८८ मध्ये असे एन्झाइम बाजारात आणले. एका बुरशीचे जनुक दुसऱ्या बुरशीत घालून ते तयार केले होते. पण दीर्घकालीन स्वादुपिंडदाह किंवा सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंटना कॅप्सूलमधून दिले जाणारे पॅन्क्रिएटिन आजही डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. त्यात लायपेजबरोबर प्रथिने आणि पिष्ट पचवणारी एन्झाइमेही येतात.

पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले. लिप्रोटामेज या औषधात जिवाणूचे लायपेज आणि बुरशीची दोन एन्झाइमे होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला परवानगी नाकारली. २०१६ मध्ये डुकराच्या एन्झाइमशी थेट तुलना करणाऱ्या चाचणीत ते तितकेच परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले नाही. बशीतल्या पारदर्शक कड्यापासून पेशंटच्या आतड्यापर्यंतचे अंतर किती मोठे आहे, ते इथे दिसते. महाराष्ट्रात शाकाहारी, जैन आणि मुस्लिम पेशंट मोठ्या संख्येने आहेत. औषधाचा हा उगम डॉक्टरांनी त्यांना आधीच, मोकळेपणाने सांगायला हवा.

गैरसमज ५ : कोंबडीच्या अंड्यात औषधी लायपेज बनते, म्हणजे ते अंडे खाऊन आजार बरा होईल.

वस्तुस्थिती : अंड्याची गोष्ट खरी आहे, खाण्याची नाही. लायसोसोममधले लायपेज जन्मतःच नसलेल्या बाळांना वोल्मन रोग होतो. मेद यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत साठतो, बाळाचे वजन वाढत नाही आणि उपचार नसतील तर बहुतेक बाळे पहिल्या वर्षातच दगावतात. यावरचे सेबेलिपेज अल्फा हे औषध जनुकबदल केलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्यातून शुद्ध करून काढतात. त्याला युरोप आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्यावरच्या शर्करा-साखळ्यांमुळे पेशी ते ओळखून आत घेतात आणि ते लायसोसोमपर्यंत पोचते. मात्र ते शिरेतूनच द्यावे लागते. तोंडाने घेतले तर इतर प्रथिनांसारखे पचून जाईल. एका चाचणीत नऊ बाळांपैकी सहा बाळांनी पहिला वाढदिवस पाहिला. तुलनेसाठी घेतलेल्या, उपचार न मिळालेल्या २१ जुन्या रुग्णांपैकी एकही बाळ तिथवर पोचले नव्हते.

गैरसमज ६ : एन्झाइमची कॅप्सूल केव्हाही घ्यावी; जास्त घेतली तरी अपाय नाही.

वस्तुस्थिती : कॅप्सूलमधल्या बारीक गोळ्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण त्याशिवाय लायपेज जठरातच नष्ट होईल. म्हणून त्या चावू नयेत, कुटू नयेत. रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही, कारण पचवायला समोर मेदच नसतो. पहिल्या घासापासून जेवणासोबतच त्या घ्याव्यात.

अतिरेकही धोक्याचा आहे. १९९०च्या दशकात खूप मोठे डोस घेणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या काही मुलांचे मोठे आतडे आकसल्याचे आढळले. तेव्हापासून वजनाच्या दर किलोमागे एका जेवणाला २,५०० लायपेज युनिट ही वरची मर्यादा पाळली जाते. कॅप्सूल चालू असूनही वजन घटत असेल किंवा शौच तेलकट राहत असेल, तर डोस मनाने वाढवू नका. कॅप्सूल कधी आणि कशी घेता, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि पुढचा निर्णय त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.