डिकीचे लिटर आणि सामानाचा आकार

नवी मोटार घेताना किंमत, मायलेज आणि सुरक्षेचे तारे यांवर घरोघर चर्चा झडते. डिकीतील जागेचा लिटरमधील आकडा मात्र बहुधा ओझरता वाचला जातो आणि जो मोठा तो चांगला, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ किती अपुरा आहे, हे सात आसनांच्या गाड्यांकडे पाहिले की ध्यानात येते. मारुती अर्टिगाच्या तिन्ही रांगांत माणसे बसलेली असताना मागे २०९ लिटर जागा उरते आणि तिसरी रांग दुमडली की तीच ५५० लिटर होते. चार मीटरच्या आत बसवलेल्या रेनो ट्रायबरमध्ये सातही आसने वापरात असताना ८४ लिटर आणि तिसरी रांग काढून ठेवल्यावर ६२५ लिटर जागा मिळते. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा ठळक असतो. गणपतीला मुंबईहून कोकणात सात जणांनी निघायचे ठरले, तर ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची विमानात सोबत नेतात तशी, म्हणजे सुमारे ४८ लिटरची, एक बॅग त्या ८४ लिटरमध्ये मावेल. दुसरी हिशेबानेच बाहेर राहील.

हे लिटर मोजले कसे जातात, हे जाणून घेण्यासारखे आहे. जर्मन वाहन उद्योग संघटनेने रूढ केलेल्या, आणि अनेक कंपन्या वापरतात त्या, व्हीडीए पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटर घनफळाचे, ठोकळे डिकीत रचून त्यांची संख्या मोजली जाते. पाणी ओतून मोजावे तशी कानाकोपऱ्यातील प्रत्येक फट येथे हिशेबात येत नाही, त्यामुळे ही पद्धत त्या मानाने प्रामाणिकच म्हणावी लागेल. तरीही ठोकळा लहान असल्याने चाकाच्या कमानीमागच्या चिंचोळ्या खोबणीतही तो शिरतो आणि जेथे पाण्याच्या बाटलीपलीकडे काही ठेवता येणार नाही, ती जागाही आकड्यात धरली जाते. शिवाय मोजणी मागील आसनाच्या पाठीइतक्या उंचीपर्यंत केली की थेट छतापर्यंत, यावर एकाच गाडीचे दोन वेगळे आकडे निघू शकतात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना ही मर्यादा दोन्हीकडे सारखी आहे ना, हे विचारून घेणे आवश्यक ठरते.

खरी अडचण आकाराची आहे. ७५ × ५० × ३० सेंटिमीटरच्या मोठ्या सुटकेसचे घनफळ साधारण ११२ लिटर भरते, त्यामुळे ४०० लिटरच्या डिकीत अशा तीन सुटकेस सहज बसाव्यात असे वाटते. परंतु आतील उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर आडव्या ठेवलेल्या सुटकेसवर दुसरी चढत नाही आणि कडेवर उभी केली तरी झाकण लागत नाही. चाकांच्या दोन कमानींमधील अंतर १०० ऐवजी ९८ सेंटिमीटर असेल, तर शेजारी ठेवायची दुसरी सुटकेसही केवळ दोन सेंटिमीटरनी अडते. कापडी बॅगा, बोचकी आणि धान्याची पोती अशा जागेत दाबून बसवता येतात. हापूसची पेटी दाबली जात नाही आणि गणपतीची मूर्ती तर उभीच न्यावी लागते. म्हणूनच सेडानची, म्हणजे स्वतंत्र बंद डिकी असलेल्या गाडीची, जागा लिटरमध्ये मोठी असली, तरी तिचे तोंड अरुंद असते आणि झाकणाचे वाकडे दांडे पुष्कळदा सामानावरच उतरतात. उलट हॅचबॅकचे मागील दार काचेसह वर उचलले जात असल्याने, डिकी लहान असली तरी उंच वस्तू तिच्यात शिरते. डिकीचा उंबरठा जमिनीपासून किती वर आहे, याकडेही दुर्लक्ष होते. वीस किलोची बॅग मांडीपर्यंत उचलणे आणि कमरेच्या वर उचलून मग आत खोल उतरवणे, यांतला फरक ज्येष्ठांच्या पाठीला चांगलाच कळतो.

डिकीचा आकार अभियंत्याइतकाच अर्थमंत्रीही ठरवतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंतचे इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. २००८ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४.१६ मीटर लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये सवलतीच्या मर्यादेत बसवण्यासाठी तिची शेपटी छाटली गेली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. पुढे आराखडा सुधारत २०१७ मध्ये ती ३७८ लिटर झाली, पण ४४० चा आकडा काही परतला नाही. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी असल्याने ही मर्यादा ओलांडण्याचा मोह कंपन्यांना होईल, असे दिसत नाही.

सीएनजी घेणाऱ्यांना तर डिकीचा हिशेब पहिल्यापासूनच मांडावा लागतो, कारण ६० लिटर पाणी मावेल एवढी एकच टाकी आडवी बसवली की डिकीचा मोठा भाग तिनेच व्यापला जातो. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून वर सपाट फळी दिली. पेट्रोल अल्ट्रोझच्या ३४५ लिटरपैकी २१० लिटर जागा त्यामुळे वापरता येते. मात्र स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेल्याने पावसाळ्यात चाक पंक्चर झाल्यास चिखलात वाकावे लागते.

जागा मिळाली म्हणजे वजनाचीही मुभा मिळाली, असे नव्हे. कंपनीने ठरवलेले भरल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरकात माणसे आणि सामान दोन्ही बसवावे लागतात, आणि सरासरी ७० किलोचे सात जण बसले की ४९० किलो तेथेच खर्ची पडतात. टायरमधील हवेचा दाब पूर्ण भारासाठी वेगळा असल्यास तो बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, आणि सामान भरल्यानंतर मागील टायरमध्ये त्यानुसार हवा भरून घ्यावी लागते.